‘७० टक्के बदल फसतात’ हा आकडा आला कुठून? व्यवस्थापनातल्या कल्पनांचा प्रवास

रबाळे_नाका (धागाकर्ती)

मी रबाळे एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात प्लॅनिंगला आहे. आमच्याकडे सध्या नवी ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार एकत्र चालवणारी संगणक प्रणाली) बसवायचं काम चाललंय. सल्लागारांच्या प्रत्येक सादरीकरणात एक स्लाइड हमखास असते: ‘संस्थांमधले ७० टक्के बदल अपयशी ठरतात’, खाली हार्वर्डचं नाव. या एका वाक्यावर बरंच काही उभं राहतं. सल्लागारांची मुदत वाढते, प्रशिक्षणाचा जादा खर्च मंजूर होतो, आणि जुन्या ऑपरेटरने साधी शंका काढली तरी ती ‘बदलाला विरोध’ या रकान्यात जाते. म्हणून हा आकडा मुळापर्यंत जाऊन बघायचं ठरवलं. जे सापडलं ते सविस्तर लिहिते.

हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये २००० साली मायकेल बीअर आणि नितीन नोहरिया यांचा एक लेख आला. बदलांपैकी सुमारे ७० टक्के फसतात, हे कटू सत्य आहे, असं त्यात ठामपणे म्हटलंय. ते कोणी, कुठे मोजलं याचा पत्ता लेखात लागत नाही. आणखी मागे गेलं की १९९३ सालचं मायकेल हॅमर आणि जेम्स चॅम्पी यांचं ‘रीइंजिनिअरिंग द कॉर्पोरेशन’ हे पुस्तक येतं. रीइंजिनिअरिंग (कामाची पद्धत मुळापासून नव्याने आखणं) हाती घेणाऱ्या संस्थांपैकी ५० ते ७० टक्के संस्थांना हवे होते तेवढे मोठे परिणाम मिळत नाहीत, असं ते लिहितात. हा आपला अंदाज आहे आणि तो शास्त्रीय नाही, हेही त्याच वाक्यात स्वतःहून सांगतात.

म्हणजे मूळ वाक्याला चार अटी होत्या. तो अंदाज होता. ५० ते ७० असा पल्ला होता. विषय फक्त रीइंजिनिअरिंगचा होता. आणि ‘फसले’ असं म्हटलेलंच नव्हतं, ‘अपेक्षेइतकं मोठं फळ मिळालं नाही’ असं म्हटलं होतं. पुढच्या प्रवासात चारही अटी गळून पडल्या आणि ७० तेवढे उरले. आपल्या वाक्याचा असा अर्थ लावला जातोय हे हॅमरच्या लक्षात आलं होतं. १९९५ च्या पुढच्या पुस्तकात स्टीव्हन स्टँटनबरोबर त्याने खुलासाही केला की अपयशाचं असं कुठलंही ठरलेलं प्रमाण नसतं. तो खुलासा स्लाइडवर कधी आला नाही.

२०११ मध्ये मार्क ह्यूज या अभ्यासकाने ‘जर्नल ऑफ चेंज मॅनेजमेंट’मध्ये या दाव्याची तपासणी केली. ७० टक्के छापलेली पाच ठिकाणं घेतली, आणि एकाही ठिकाणी विश्वासार्ह पुरावा मिळाला नाही. तरी आकडा चालूच आहे.

तुमच्या क्षेत्रातल्या कल्पना कुठून आल्या, कशा पसरल्या, कोणी शोध घेतलाय का? अनुभव लिहा. आणि निव्वळ अनुभवापेक्षा वाचलेलं, तपासलेलं असेल तर फारच छान.

---

खारीगाव_फाटक

छान धागा. एकच प्रश्न: ७० खोटा, मग खरा आकडा किती?

---

रबाळे_नाका

@खारीगाव_फाटक, तसा एक आकडा निघूच शकत नाही असं मला वाटतं. बँकेचं विलीनीकरण, कारखान्यातला नवा कन्व्हेयर, सरकारी खात्यातलं संगणकीकरण, या सगळ्यांना ‘बदल’ म्हणून एका टोपलीत टाकायचं आणि वर ‘फसला’ म्हणजे काय तेही ठरवायचं नाही, तर मोजायचं तरी काय? मुदत चुकली, खर्च वाढला पण काम नीट चालू लागलं, तर त्याला फसलं म्हणाल का?

---

वागळे_जुना

नमस्कार. मी निवृत्त आहे. वागळे इस्टेटमध्ये एका इंजिनिअरिंग कंपनीत सुपरवायझर होतो. तुमच्या आकड्याबद्दल मला सांगता येणार नाही, पण क्वालिटी सर्कलबद्दल, म्हणजे कामगारांनीच एकत्र बसून कामातल्या अडचणी सोडवायच्या गटांबद्दल, सांगू शकतो.

ही कल्पना जपानमध्ये १९६२ च्या सुमारास कावरू इशिकावा यांच्या पुढाकाराने रुजली. आपल्याकडे १९८० मध्ये भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या (भेल) हैदराबादच्या कारखान्यात सुरुवात झाली आणि १९८२ मध्ये सिकंदराबादला क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया उभा राहिला. आमच्या कंपनीत त्यानंतर काही वर्षांनी आली. आठवड्यातून एकदा शिफ्ट संपताना सात-आठ जण बसायचे. फिशबोन (समस्येच्या कारणांची आकृती) काढायचा, पॅरेटो (कोणत्या कारणाने किती दोष येतात त्याचा आलेख) काढायचा. पहिल्या वर्षात जे झालं ते मी विसरणार नाही. शाळा अर्धवट सोडलेल्या एका फिटरने जिगमधला असा दोष दाखवला जो आमच्या ड्रॉइंग ऑफिसला वर्षानुवर्षं दिसला नव्हता. तो साहेबांसमोर फळ्यावर आकृती काढत होता आणि साहेब खाली बसून लिहून घेत होते.

पुढे काय झालं? स्पर्धा सुरू झाल्या. सादरीकरणं चांगली करणाऱ्यांना ढाल मिळू लागली, मग समस्या निवडायची ती स्पर्धेला शोभेल अशी. नंतर वरच्या लोकांनी टीक्यूएमबद्दल (सगळ्या कंपनीभर गुणवत्ता राबवायची पद्धत) वाचलं, मग आयएसओ ९००० हे गुणवत्तेचं मानक आलं, त्याचं फायलिंग आलं, आणि सर्कलची मीटिंग ‘पुढच्या आठवड्यात’ सरकत सरकत बंद पडली. बंद करा असं कोणी सांगितलंही नाही. त्या फिटरला पुन्हा कोणी विचारलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. ती कल्पना वाईट नव्हती हो. तिचा हंगाम संपला असं कोणीतरी दुसरीकडेच ठरवलं.

---

मासुंदा_काठ

@वागळे_जुना काका, तुम्ही जे पाहिलंत त्यावर मोठा अभ्यास झालाय आणि तो नेमका क्वालिटी सर्कलवरच आहे. मी ठाण्यात एका महाविद्यालयात व्यवस्थापन शिकवते, म्हणून जरा लांबण लावते, सांभाळून घ्या.

एरिक अब्राहमसन या प्राध्यापकाने १९९६ मध्ये ‘मॅनेजमेंट फॅशन’ ही मांडणी केली. सल्लागार, व्यवस्थापन-गुरू, बिझनेस स्कूलं आणि व्यवसाय मासिकं मिळून एक बाजार चालवतात. ‘हे तंत्र आज सर्वांत पुढचं आहे’ असा सामूहिक विश्वास तिथे तयार होतो. व्यवस्थापकालाही आपण काळाच्या पुढे आहोत हे दाखवायचं असतं, त्यामुळे मागणी कायम असते. १९९९ मध्ये अब्राहमसन आणि ग्रेगरी फेअरचाइल्ड यांनी क्वालिटी सर्कलवर छापून आलेल्या लेखांचा आलेखच काढला. सत्तरीच्या शेवटी लेख वाढायला लागतात, ऐंशीच्या सुरुवातीला शिखर येतं, आणि मग झपाट्याने उतार. त्यांना दिसलेली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. चढावरचे लेख भावनेने भरलेले, आश्वासनं देणारे असतात. उतारावरचे लेख जास्त विचारी, अटी-शर्ती सांगणारे असतात. म्हणजे शहाणा मजकूर येतो तेव्हा वाचक निघून गेलेला असतो. काका, आपल्याकडे हे तंत्र रुजत होतं तेव्हा अमेरिकेतला उतार सुरू झाला होता.

विद्यापीठातल्या संशोधकांनी याला आळा घालावा अशी आपली अपेक्षा असते. १९८८ मध्ये बार्ली, मायर आणि गॅश यांनी ‘संस्थेची संस्कृती’ या विषयावरचे अभ्यासकांचे आणि व्यवसायातल्या लोकांचे लेख वर्षांच्या क्रमाने तपासले. सुरुवातीला दोघांची भाषा वेगळी होती. पुढे अभ्यासकच व्यवसायवाल्यांच्या चौकटीकडे सरकले. उलटा प्रवास फारसा दिसला नाही. ज्ञान वरून खाली झिरपतं असं आम्ही वर्गात गृहीत धरतो, त्याला हा चांगलाच धक्का आहे.

आणि आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे माणसाच्या गरजांच्या पायऱ्या दाखवणारा मास्लोचा पिरॅमिड. बारावीपासून एमबीएपर्यंत तोच त्रिकोण. मास्लोचा मूळ लेख १९४३ चा, त्यात पिरॅमिड नाही. ब्रिजमन, कमिंग्ज आणि बॅलार्ड यांनी २०१९ मध्ये याचा माग काढला, तेव्हा तो त्रिकोण १९६० साली ‘बिझनेस होरायझन्स’ या नियतकालिकात चार्ल्स मॅकडर्मिड नावाच्या सल्लागाराच्या लेखात सापडला. चित्र फळ्यावर काढायला सोपं, परीक्षेत पाच गुणांना पुरतं. त्यामुळे एका पायरीचं पूर्ण झाल्याशिवाय दुसरी पायरी येत नाही असा कडक अर्थ लोकांच्या डोक्यात बसला. मास्लोने स्वतः इतकं कडक काही लिहिलेलं नाही. एक गरज पूर्ण भागण्याआधीच पुढची डोकं वर काढते, असंच त्याचं म्हणणं होतं.

---

ऐरोली_पूल

@मासुंदा_काठ मॅडम, मग मोठ्या कंपन्या या फॅशनमागे जातात तरी का? तिथे तर हिशोब करणारी माणसं बसलेली असतात.

---

मासुंदा_काठ

कारण फायदा होतो, फक्त तो वेगळ्या ठिकाणी होतो. बॅरी स्टॉ आणि लिसा एपस्टाइन यांनी २००० साली अमेरिकेतल्या १०० सर्वांत मोठ्या औद्योगिक कंपन्यांवर अभ्यास छापला. ज्या कंपन्यांचं नाव बातम्यांमध्ये लोकप्रिय तंत्रांशी जोडलं जात होतं, त्यांची आर्थिक कामगिरी इतरांपेक्षा सरस नव्हती. मात्र त्यांची वाहवा जास्त होत होती, त्या अधिक कल्पक मानल्या जात होत्या, आणि त्यांच्या मुख्याधिकाऱ्यांना मेहनताना जास्त मिळत होता. या एका शोधाने माझी शिकवण्याची पद्धत बदलली. आता मी मुलांना प्रत्येक तंत्राबद्दल ‘याने कंपनीचं काय झालं’ आणि ‘याने साहेबांचं काय झालं’ असे दोन वेगळे प्रश्न विचारायला लावते.

---

ऐरोली_पूल

पटलं. मी ऐरोलीत आयटीत आहे, एचआरमध्ये. बेल कर्व्हचं, म्हणजे माणसांना ठरलेल्या टक्क्यांत श्रेणी वाटायच्या पद्धतीचं सांगतो. जॅक वेल्च प्रमुख असताना जनरल इलेक्ट्रिकमध्ये (जीई) वरचे २०, मधले ७०, खालचे १० अशी माणसांची वाटणी व्हायची. वेल्च बिझनेस मासिकांच्या मुखपृष्ठांवर झळकत होते, म्हणून ती वाटणी जगभर गेली. आमच्या पट्ट्यातही पोचली. आठ जणांच्या चांगल्या टीममध्येही कोणालातरी ‘तळाचा’ ठरवायचं. मी त्या खोल्यांमध्ये बसलोय. नाव कोणाचं घालायचं यावर तासन्‌तास वाद व्हायचे आणि कामावर बोलणं जवळजवळ व्हायचंच नाही. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१३ मध्ये ही सक्तीची क्रमवारी बंद केली. २०१५ मध्ये डेलॉइटने आपली मूल्यमापन पद्धत का मोडली ते हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये लिहिलं, आणि मग एकापाठोपाठ एक कंपन्यांनी बेल कर्व्ह सोडल्याच्या बातम्या आल्या. आणायलाही लेख, सोडायलाही लेख. मधल्या वर्षांत ज्यांच्या नावापुढे खालची श्रेणी लागली त्यांच्या सीव्हीवरून ती पुसली गेली नाही.

पुस्तकांच्या बाजाराबद्दलही एक. १९९५ मध्ये ट्रेसी आणि विअर्सेमा या सल्लागारांचं एक पुस्तक न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत चढलं. त्याच वर्षी बिझनेसवीकने बातमी दिली की यादीत चढवण्यासाठी प्रती घाऊक प्रमाणात, वेगवेगळ्या दुकानांतून विकत घेतल्या गेल्या होत्या. यादीतल्या नावाने पुस्तक विकलं जातं, पुस्तकाने भाषणं मिळतात, भाषणांनी सल्ल्याची कामं मिळतात.

---

डब्याचा_कोड

इतका वेळ नुसता वाचत होतो. आता लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण यातली सगळ्यात गाजलेली गोष्ट आमच्या घरची आहे. माझे चुलते डबेवाले. गाव मावळात, राहायला कळव्याला.

‘डबेवाल्यांना फोर्ब्सने सिक्स सिग्माचं प्रमाणपत्र दिलं, ६० लाखांत एक चूक’ हे तुम्ही सगळ्यांनी ऐकलं असेल. मी खणून बघितलं. १९९८ मध्ये फोर्ब्समध्ये डबेवाल्यांवर लेख आला, मुख्य लेखक सुब्रत चक्रवर्ती. त्यांनी तेव्हाचे अध्यक्ष रघुनाथ मेदगे यांना विचारलं की चुका किती होतात. मेदगे म्हणाले, जवळजवळ नाहीच, दोन महिन्यांत एखादी. चक्रवर्तींनी त्यावरून हिशोब मांडला: ८० लाख डब्यांमागे एक. तुम्हीही करून बघा. तेव्हा दिवसाला दीड-दोन लाख डबे, महिन्याचे पंचवीस दिवस, दोन महिने. पाऊण ते एक कोटी येतात. जाणारा आणि परत येणारा डबा वेगळा धरला तर दुप्पट. म्हणूनच कुठे ६० लाख, कुठे ८० लाख, कुठे १ कोटी ६० लाख असे आकडे फिरताना दिसतात. मुळात कोणी मोजलेलं नव्हतं. एका माणसाचं अंदाजाने दिलेलं प्रामाणिक उत्तर होतं. पुढे चक्रवर्तींनी स्वतः स्पष्ट केलं की फोर्ब्सने असं कोणतंही प्रमाणपत्र दिलेलं नाही आणि लेखात सिक्स सिग्मा हा शब्दही त्यांनी वापरला नव्हता.

सिक्स सिग्मा म्हणजे दहा लाखांत ३.४ चुका. ही चुका कमी करायची मोटोरोलाची १९८६ ची पद्धत, १९९५ पासून जीईने तिचा गाजावाजा केला. नव्वदीच्या शेवटी सगळं जग त्या शब्दामागे होतं, म्हणून आमच्या माणसांनाही तोच शिक्का लागला. २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या श्टेफान टोम्के यांनी केस लिहिली, २०१२ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये लेख आला. टोम्के यांनी कामाची पद्धत खरंच नीट बघितली, त्याबद्दल आदर आहे. पण कॉर्पोरेट भाषणांमध्ये पोचतो तो आकडाच.

आकड्याने झाकून गेलं ते सांगतो. वीस-पंचवीस जणांचा गट, त्यांचा मुकादम. गटातले बहुतेक एकाच पट्ट्यातले, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरचे, एकमेकांच्या सोयरिकीतले. डबा चुकला तर साहेबाला नाही, गावाकडच्या माणसाला तोंड दाखवायचं असतं. झाकणावरचा कोड कोणत्या स्टेशनला उतरायचं, कोणी उचलायचं, कोणत्या इमारतीत कितव्या मजल्यावर द्यायचं एवढंच सांगतो, त्यापेक्षा एक अक्षर जास्त नाही. प्रत्येक गटात एक-दोन माणसं जास्तीची असतात, कोणी आजारी पडलं की ती लाइन उचलतात. आणि लोकल वेळेवर धावली पाहिजे. हे सगळं सोडून ‘आपणही सिक्स सिग्मा करू’ म्हटलं तर हातात काय येणार?

मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या, ऑफिसं बंद झाली, आणि कितीतरी डबेवाले गावाला परतले. चुलतेही गेले. मोठमोठ्या व्याख्यानांतून ज्यांचं कौतुक चाललं होतं, त्यांच्याकडे पेन्शन नव्हती की पगारी रजा नव्हती. त्यांच्यावरच्या कितीतरी स्लाइड मी बघितल्या आहेत, त्यांच्या उत्पन्नाचा विषय फार क्वचित दिसला.

---

खारीगाव_फाटक

@डब्याचा_कोड दादा, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका. मी हा सिक्स सिग्माचा किस्सा मुलीच्या शाळेच्या पुस्तिकेत वाचलाय.

---

तुर्भे_वर्कशॉप

थोडा विरोधी सूर लावतो. माझं तुर्भ्यात छोटं मशीन शॉप आहे, बारा कामगार. आम्ही ५एस (कामाची जागा नीटनेटकी, स्वच्छ ठेवायची जपानी पद्धत) मासिकातला लेख वाचूनच सुरू केलं. शोधनिबंध कोण वाचणार? टूल शोधण्यात जाणारा वेळ वाचला, जमिनीवर तेल सांडणं थांबलं, एक अपघात टळला असं मी खात्रीने म्हणेन. सगळ्यालाच फॅशन म्हणून बाजूला सारलं तर आमच्यासारख्यांनी नवीन शिकायचं कुठून? मोठ्या कंपन्यांना सल्लागार परवडतात, आम्हाला मासिकच परवडतं.

---

मासुंदा_काठ

@तुर्भे_वर्कशॉप, तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. आणि क्वालिटीचा इतिहास तुमच्याच बाजूने बोलतो. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग १९५० मध्ये जपानला गेले, तिथल्या शास्त्रज्ञ आणि इंजिनिअरांच्या संघटनेने त्यांची गुणवत्ता नियंत्रणावर व्याख्यानं ठेवली, १९५१ पासून त्यांच्या नावाने पारितोषिक सुरू झालं. पुढची तीस वर्षं जपानी कारखान्यांत हे काम शांतपणे चालू होतं. अमेरिकेतल्या सर्वसामान्य व्यवस्थापकाला डेमिंग माहीत झाले ते जून १९८० मध्ये एनबीसी वाहिनीने जपानवर माहितीपट दाखवल्यावर, आपल्याच देशातले असून. आपल्याकडे १९९८ मध्ये सुंदरम-क्लेटनला डेमिंग पारितोषिक मिळालं, ते अनेक वर्षं तेच ते काम चिकाटीने केल्यावर.

तुम्ही लेख वाचलात, स्वतःच्या जमिनीवर करून बघितलंत, तेल सांडायचं थांबलं की नाही ते डोळ्यांनी पाहिलंत. माझा आक्षेप आहे तो पाहण्याची ही पायरी गाळून छापलेल्या शब्दावर निर्णय घेण्याला. १९८२ मध्ये पीटर्स आणि वॉटरमन यांच्या पुस्तकाने ४३ कंपन्या उत्कृष्ट म्हणून निवडल्या. दोनच वर्षांत, नोव्हेंबर १९८४ मध्ये, बिझनेसवीकने त्यांतल्या बऱ्याच अडचणीत आल्याची मुखपृष्ठकथा केली. पुस्तक मात्र लाखांनी खपतच राहिलं. तुमच्या बारा जणांच्या शॉपमध्ये जर काही चाललं नसतं तर तुम्ही महिन्याभरात थांबवलं असतं. मोठ्या संस्थेत ते थांबवायला पुढचा लेख यावा लागतो.

---

वागळे_जुना

मॅडम, बरोबर. तुर्भेवाल्यांनी एक करावं, कामगारांनी स्वतः सुचवलेलं काय काय झालं ते त्यांच्या नावासह एका वहीत लिहून ठेवावं. आमच्याकडे असं लिहिलेलं असतं तर नव्या साहेबांना दाखवता आलं असतं की सर्कल का चालू ठेवायची.

---

तुर्भे_वर्कशॉप

करतो काका. मराठीत करतो, म्हणजे मुलं स्वतःच लिहितील.

---

नेरूळ_एमबीए

मी दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी असाच एक आकडा तपासायची इच्छा आहे. ‘माणूस वाचलेल्यापैकी १० टक्के लक्षात ठेवतो, केलेल्यापैकी ९० टक्के’ हा ट्रेनिंगमध्ये नेहमी येतो, एडगर डेलच्या नावाने. सुरुवात कशी करू?

---

मासुंदा_काठ

विषय उत्तम निवडलास. डेल हा शिक्षणतज्ज्ञ. शिकवायच्या साधनांचा त्याचा शंकू १९४६ च्या पुस्तकात आहे आणि त्यात एकही टक्का नाही. प्रत्यक्ष अनुभवापासून शब्दांपर्यंत साधनांची मांडणी आहे, बस्स. टक्केवारी १९६७ मध्ये दृक्‌श्राव्य साधनांच्या एका मासिकात छापलेली सापडते, तिथेही कुठला प्रयोग केला याचा उल्लेख नाही. पुढे कोणीतरी शंकूवर ते टक्के चिकटवले.

आता तू हे कर. मराठी आणि इंग्रजी मिळून जी पाठ्यपुस्तकं, प्रशिक्षण पुस्तिका हाताला लागतील त्यांतलं हे वाक्य जसंच्या तसं उतरवून घे, वर्ष लिही, आणि त्यांनी कोणाचा हवाला दिलाय ते लिही. मग तो हवाला उघडून बघ की तिथे खरंच ते आहे का. बहुतेक जण इथेच थांबतात, तू थांबू नकोस. जुनी पाठ्यपुस्तकं ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारून बघ, १८९३ पासूनची संस्था आहे, जुनं जपलेलं असतं. कोणती अट कोणत्या साली गळली हे एका तक्त्यात मांडता आलं तर तुझा प्रकल्प मी आमच्या वर्गात वापरीन, तुझ्या नावासह. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, १९६७ च्या लेखाचे तपशील पाठवते.